खेळणाऱ्याला न ओळखणारं यंत्र

चार पायांवर उभं, काचेखाली दिवे लुकलुकणारं, खणखण घंटा वाजवणारं पिनबॉलचं यंत्र ही शिकागोच्या कारखान्यांची उपज. आपल्याकडे ते बघितलं गेलं ते बहुतेक परदेशी सिनेमांत. तरीही भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर यांपैकी कुठल्याही गावात आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या माणसाला विचारा, पिनबॉल त्याला ठाऊक असतो. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्या-तालुक्यात संगणकाचे क्लास उभे राहिले. त्या संगणकांवर विंडोज एक्सपी होतं आणि विंडोज एक्सपीत ‘स्पेस कॅडेट’ नावाचा पिनबॉल होता. स्टार्ट, प्रोग्राम्स, गेम्स, पिनबॉल ही वाट कुठल्याही धड्यात नव्हती, पण पोरांना ती वर्ड-एक्सेलच्या आधी पाठ झाली. झेड दाबलं की डावा फ्लिपर, स्लॅश दाबलं की उजवा, स्पेसबार दाबून धरला की दट्ट्या मागे. इंटरनेट लागत नसे, पैसे लागत नसत. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत बॅटरी टिकेल तेवढा वेळ खेळ चाले, आणि सर मागे येऊन उभे राहिले की संपे. मूळ खेळ 1995 चा, म्हणजे त्याने तिशी गाठली. इतक्या जुन्या आणि इतक्या साध्या खेळाची ओढ का टिकते, हा प्रश्न वाटतो तितका फुटकळ नाही. माझं उत्तर असं, की तो खेळ खेळणाऱ्याला ओळखत नाही, आणि खेळाला टिकवणारा यापेक्षा मोठा गुण मला तरी दिसत नाही.

सर्वांत सोपं उत्तर अर्थातच आठवणींचं. तरुणपण गोड, म्हणून तरुणपणीचं सगळं गोड. पण हे उत्तर जरा ताणलं की तुटतं. त्याच संगणकांवर फ्लॉपी होती, ती कुणाला परत नकोय. डायल-अपचा किरकिरणारा आवाज ऐकून हसू येतं, पण पुन्हा त्या वेगानं इंटरनेट वापरायला कुणी तयार होणार नाही. आठवणीतल्या शंभर गोष्टींपैकी पाच-सातच पुन्हा वापराव्याशा वाटतात आणि त्या पाच-सातांत हा खेळ का, याचं उत्तर आठवणीला देता येत नाही. अमेरिकेतला पुरावा तर आणखी स्पष्ट आहे. 1992 साली आलेलं ‘ॲडम्स फॅमिली’ हे यंत्र वीस हजारांवर खपलं, आणि त्यानंतर सातच वर्षांनी, 1999 मध्ये, ते बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीनं पिनबॉलचा विभाग बंद केला. व्हिडिओ गेमनं हा धंदा खाल्ला, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली. पण धंदा मेला नाही. पुढच्या दशकात नवे कारखानदार आले, आजही नवी यंत्रं बनतात, त्यांच्या स्पर्धा होतात, आणि त्यांत अशी मुलंही असतात ज्यांच्या जन्माआधीच पिनबॉलचा सुवर्णकाळ संपलेला होता. ज्यांच्याकडे आठवणच नाही त्यांना आठवणींची ओढ कशी लागेल?

तेव्हा यंत्राच्या पोटात शिरायला हवं. पिनबॉलचा पूर्वज म्हणजे बॅगाटेल. ज्यांच्या घरी लाकडी फळीवर खिळ्यांची वर्तुळं ठोकलेला हा खेळ होता, त्यांना गोळी खिळ्यांना टकटक आपटत खाली येतानाचा आवाज वेगळा सांगायला नको. 1871 मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हनं या खेळात काठीऐवजी स्प्रिंगचा दट्ट्या बसवून त्याचं पेटंट घेतलं. 1931 मध्ये, मंदी ऐन भरात असताना, शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबनं ‘बॅफल बॉल’ बाजारात आणला. दुकानाच्या काउंटरवर मावणारी ती पेटी, वीज नाही, एका पेनीत मूठभर गोळ्या. एकदा दट्ट्या सोडला की पुढे खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे, फार तर पेटीला धक्का द्यायचा. 1947 मध्ये गॉटलिबच्याच कारखान्यात हॅरी मॅब्सनं ‘हम्प्टी डम्प्टी’त सहा फ्लिपर बसवले आणि खेळाचं रूप पालटलं. आता निसटत्या गोळीला परतवता येऊ लागलं. आजच्या यंत्रातली गोळी साधारण 80 ग्रॅम वजनाची, 27 मिलिमीटर व्यासाची, पोलादाची. पट सहा-साडेसहा अंशांनी आपल्याकडे कललेला. त्या उतारावर गोळीला एकच गोष्ट करायची असते, खाली यायचं असतं. खेळ म्हणजे ते खाली येणं लांबवणं.

त्या पटावर जे घडतं ते सगळं उघड्यावर घडतं. गोळी रबराला लागून कुठल्या कोनात उडाली, फ्लिपर क्षणभर आधी उचलला की उशिरा, हे खेळणाऱ्यालाही दिसतं आणि खांद्यावरून डोकावणाऱ्यालाही. धक्का मारायची मुभा आहे, पण मर्यादेत. आत तारेला टांगलेला एक लोलक असतो, त्याच्याभोवती धातूचं कडं. यंत्र जास्त हललं की लोलक कड्याला टेकतो, विजेचं मंडल पूर्ण होतं, ‘टिल्ट’चा दिवा लागतो आणि फ्लिपर निर्जीव होतात. लोलक आणि कडं, एवढाच पंच. पैसेवाल्याचा धक्का आणि फाटक्याचा धक्का, पहिल्यांदा खेळणाऱ्याचा आणि रोज येणाऱ्याचा, त्याला वेगळा कळत नाही. कालची हार भरून द्यावी म्हणून तो आज ढील देत नाही. काल फार जिंकलात म्हणून आज अडवतही नाही. ‘स्पेस कॅडेट’मध्येही हेच होतं. एक्स आणि पूर्णविरामाच्या कळांनी पट हलवता येई, अती केलं की टिल्ट. कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत नऊ पदं होती, आणि ती चढताना खेळानं कधी तुमचं वय, तुमचा स्वभाव, तुमचा खिसा विचारला नाही. म्हणून तिथं मिळालेले गुण आपले वाटत. क्लासमधल्या एकाच संगणकावर आधीच्या तुकडीतल्या कुणाचा तरी आकडा पहिल्या ओळीत बसलेला असला, तर तो त्यानं कमावला आहे आणि आपल्यालाही त्याच पटावर, त्याच तीन गोळ्यांत कमवावा लागेल, हे न सांगता कळे.

आता यासमोर आजच्या खेळांतलं एक पेटंट ठेवून बघा. ॲक्टिव्हिजन या अमेरिकी कंपनीला 2017 मध्ये ते मिळालं. अनेक खेळाडूंच्या ऑनलाइन खेळात कुणाची गाठ कुणाशी घालायची, याची ती पद्धत. नवख्याला मुद्दाम अशा तरबेज खेळाडूसमोर उभं करायचं, ज्याच्याकडे विकत घेतलेलं एखादं भारी शस्त्र आहे, म्हणजे नवख्यालाही ते घ्यावंसं वाटेल. त्यानं ते घेतलं की पुढचा सामना असा जुळवायचा की त्या शस्त्राचा चांगला उपयोग व्हावा आणि पैसे सार्थकी लागल्याचं समाधान मिळावं. ही पद्धत आपल्या कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असा खुलासा कंपनीनं केला आणि तो इथं नोंदवायला हवा. पण विचार कोणत्या दिशेनं चालला आहे, हे कळायला कागद पुरेसा आहे. रेडग्रेव्हच्या पेटंटात गोळीचा विचार होता. या पेटंटात खेळणाऱ्याचा विचार आहे, आणि तो त्याच्या भल्याचा नाही. फोनवरचे फुकटचे खेळ खेळताना पाचव्या-सहाव्या हारीनंतर अचानक सोपा डाव पडल्यासारखा वाटतो. तो खरंच सोपा करून दिला, की आपणच नीट खेळलो, हे कळायला मार्ग नसतो. माझ्या मते नुकसान होतं ते इथं. वेळ गेला, पैसे गेले, हे पुढचं. आधी जाते ती आपल्या जिंकण्यावरची आपली खात्री.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. पिनबॉल काही सोवळ्यातलं यंत्र नाही. त्याच्यावर पैसे लावले जात, गल्लीतली पोरं शाळेच्या डब्याचे पैसे त्यात घालत आणि धंद्यामागे गुंडांचे हात असल्याचा बोभाटा होता. 1942 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी ही यंत्रं जप्त करून घणानं फोडली. बंदी 34 वर्षं टिकली. खुद्द शिकागोत, जिथं ही यंत्रं बनत, तिथंही ती खेळायला कित्येक वर्षं मनाई होती. हे सगळं मान्य. पण न्यूयॉर्कमधली बंदी उठली कशी, ते पाहण्यासारखं आहे. 1976 च्या एप्रिलमध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकारानं नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवलं. सदस्यांना संशय, की आणलेल्या यंत्रात काही गोम असेल, म्हणून त्याला शेजारच्या राखीव यंत्रावर खेळायला लावलं. त्यावरही तो खेळला. शेवटी त्यानं आधी सांगितलं की दट्ट्या सोडल्यावर गोळी मधल्या वाटेनं जाईल, आणि ती गेली. समितीनं बंदी उठवायच्या बाजूनं कौल दिला. पुढे शार्पनंच कबूल केलं की तो फटका नशिबानं बसला होता! गंमत सोडा, पण नियम न बघितलेल्या माणसांसमोर, संशयानं निवडलेल्या यंत्रावर, एका दुपारी खेळाचा खरेपणा तपासता आला. फोनमधल्या खेळाची अशी तपासणी कोणत्या समितीसमोर, कशी करायची?

फसवणूक फक्त पडद्यावर होते, असंही नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा शिंगाडे, ऊस, खेळणी, पाळणे, रात्री दंडार किंवा नाटक. तिथं छर्ऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचं दुकान असतं आणि बंदुकीची माशी सरळ असेलच याची खात्री कुणी देत नाही. रिंग टाकायच्या दुकानात साबणाची वडी आणि रिंग यांत इतकं कमी अंतर असतं की दुकानदाराचं गणित कळायला शाळा लागत नाही. पण फुग्यांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहून पाहावं. पहिला छर्रा फुग्याच्या डावीकडे जातो, दुसराही डावीकडे. मागून कुणीतरी सांगतं, नळी डावीकडे ओढते, उजवीकडून धर. तिसऱ्याला फुगा फुटतो. खोट उघड्यावर आहे, ती सगळ्यांसाठी सारखी आहे आणि एकाला कळली की दहाजणांना कळते. वाकड्या नळीची बंदूक नेमबाजाला शिकवून जाते. जी बंदूक प्रत्येकाच्या हातात गेल्यावर वेगळी वाकते, तिच्याकडून कुणी काय शिकणार?

दुसरा आक्षेप जास्त जाणकारीचा आहे आणि पिनबॉलवेडे लोकच तो घेतील. यंत्रं अगदी निर्विकार होती, हेही पूर्ण खरं नाही. यंत्र भाड्यानं लावणारा मालक पटाचा उतार वाढवू शकत असे, लोलक वर-खाली सरकवून टिल्ट कडक करू शकत असे. 1980 नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत तर फुकट खेळ किती गुणांना द्यायचा, हे आधीच्या खेळांच्या आकड्यांवरून आपोआप वर-खाली करायची सोय आली. म्हणजे यंत्र कमाईसाठी बेतलेलं होतंच. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यानं माझा मुद्दा मोडत नाही, नेमका होतो. यंत्र बेतलं जायचं ते त्या दुकानातल्या सगळ्यांसाठी मिळून. उतार वाढवला तर तो येणाऱ्या प्रत्येकाला वाढलेला मिळे. समोर कोण उभा आहे हे पाहून पट कलत नसे. शिवाय यातली प्रत्येक सोय यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत क्रमांकासह छापलेली असे. खेळ कमाईसाठी असण्याला माझा विरोध नाही. मंडईतला दुकानदारही कमाईसाठीच येतो.

तिसरा आक्षेप असा, की ‘स्पेस कॅडेट’मध्ये गोळी कुठे होती? पोलाद नाही, उतार नाही, सगळे आकडे. मग खऱ्या यंत्राचे गुण त्याला कसे चिकटवता? याला उत्तर द्यायला एक मजेदार हकीकत उपयोगी पडते. एक्सपीनंतरच्या विंडोजमध्ये हा खेळ नाहीसा झाला, तेव्हा लोकांनी तर्क लढवले. मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन या अभियंत्यानं नंतर कारण सांगितलं. 64-बिट संगणकांसाठी खेळ नव्यानं जुळवताना टकरी मोजणारा भाग बिघडला, गोळी वस्तूंना आपटण्याऐवजी त्यांच्या आरपार जाऊ लागली. दुसऱ्याकडून घेतलेल्या, टिपणं नसलेल्या प्रोग्राममध्ये चूक सापडेना, म्हणून खेळच काढला. गोळी आरपार गेली की पिनबॉल उरत नाही, हे बनवणाऱ्यांनाही पटलं. म्हणजे आकड्यांचा का असेना, तिथं एक पट होता आणि तो गोळीशी इमानानं वागत होता. इमान नाहीसं झालं की काय होतं, हेही त्या खेळात बघायची सोय होती. ‘हिडन टेस्ट’ ही अक्षरं टाइप केली की गोळी माउसनं धरून हवी तिथं नेता येई. ही युक्ती एका क्लासमधून दुसऱ्यात फार भराभर पसरण्यासारखी होती. पण जी गोळी पडूच शकत नाही तिला वाचवण्यात काय मजा? पोलाद हवंच, असा माझा आग्रह नाही. कॅरमच्या फळीवर पोलाद नसतं आणि तरीही चौकातल्या ओट्यावर बोरिक पावडर शिंपडून बसलेल्या चौघांना तेच सुख मिळतं. आग्रह आहे तो पट कुणाच्या बाजूनं झुकू नये याचा.

आणखी एक आक्षेप शिक्षकांकडून येऊ शकतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. खेळणाऱ्याला ओळखणं वाईटच कशावरून? मुलाला जमेल तेवढं कठीण गणित द्यावं, अडलं तर सोपं करावं, हे तर चांगल्या शिकवण्याचं लक्षण. ओळखून वागणारी साधनं मंद गतीच्या मुलाला हात देतात. निर्दय लोलकापेक्षा समंजस यंत्र बरं नाही का? बरं आहे, पण एका अटीवर. शिक्षक गणित सोपं करतो तेव्हा मुलाला ते माहीत असतं, किंवा निदान शिक्षकाला विचारता येतं, आणि सोपं करण्यामागे त्या मुलाखेरीज दुसऱ्या कुणाचा फायदा नसतो. ओळख तीच, हेतू वेगळा. गुपचूप सोपं करून, पुन्हा गुपचूप कठीण करून, मधे पाच रत्नांची थैली विकणारं यंत्र शिक्षकाच्या रांगेत बसत नाही. आणि निर्दयपणाबद्दल म्हणाल तर, लोलकाशी भांडून उपयोग नसतो हे कळायलाही थोडं वय आणि थोड्या हारी लागतात. अशा हारींची सवय स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना लागलेली बरी, कारण तिथला कट-ऑफही कुणाला ओळखत नाही. क्लासच्या वेळेत त्यांनी खेळावं असं मात्र मी म्हणत नाही. सर मागे येऊन उभे राहत होते ते योग्यच होतं.

संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. खेड्यापाड्यांतल्या कर्जात बुडालेल्या घरांकडे पाहता ते करण्यासारखंच होतं. पण त्या कायद्याची नजर लावलेल्या पैशावर आणि जिंकायच्या पैशावर आहे. पैसे न लावता खेळायचा, मधूनमधून काहीबाही विकणारा आणि खेळणाऱ्याप्रमाणे रंग बदलणारा खेळ त्या बंदीच्या कक्षेत येत नाही, आणि लहान मुलांच्या हातात जातो तो हाच. त्यावरही बंदी घाला, असं म्हणणं मला पटत नाही. न्यूयॉर्कनं यंत्रं फोडून 34 वर्षांनी काय मिळवलं, ते दिसलंच. त्याऐवजी एवढं बंधनकारक करावं, की खेळाची काठिण्यपातळी, प्रतिस्पर्ध्यांची निवड किंवा बक्षिसांची शक्यता खेळणाऱ्यागणिक बदलत असेल, तर ते खेळ उतरवून घेण्याच्या पानावर मराठीसकट सर्व भाषांत ठळक लिहावं, आणि ते बदलणं बंद करायचं बटण द्यावं. कंपन्या म्हणतील, हे गणित व्यापाराचं गुपित आहे. गणित नका सांगू, ते बदलतं की नाही तेवढं सांगा. कुणी म्हणेल, खोटं लिहिलं तर पकडणार कसं? एकाच खेळाची दहा नवी खाती वेगवेगळ्या तऱ्हेनं चालवून बघणं ही तपासणी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना प्रकल्प म्हणूनही देता येईल. आणि पिनबॉल बनवणाऱ्यांना आपल्या यंत्रातली प्रत्येक सोय पुस्तिकेत छापून मालकाच्या हाती देणं तेव्हाच्या कागद-शाईत परवडत होतं, तर आजच्या कंपन्यांना तीच माहिती खेळणाऱ्याला दाखवणं महाग पडेल, हे मानायला कारण नाही.